माळावर तग धरताना

रात्री माळ तुडवत निघालेला माणूस तासभर चालून पुन्हा त्याच बाभळीपाशी येऊन उभा राहिला, की त्याला चकवा लागला असे मराठवाड्यात म्हणतात. चकवा हे भुताचे काम, अशी जुनी समजूत. २००९ साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुताचा शोध घेतला तो माणसाच्या डोक्यात. त्यांनी काही जणांना जर्मनीतील जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात नाकासमोर चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आल्यावर किंवा चंद्र मावळल्यावर ती वळत गेली, काही जण तर स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि तरीही आपण सरळच चाललो आहोत याची त्यांना खात्री होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसे वीस मीटर व्यासाच्या रिंगणातही फिरली. दिशेचा अंदाज प्रत्येक पावलाला किंचित चुकतो, चुकीत चूक मिसळत जाते आणि ती दुरुस्त करायला दूरची खूण नसली की रिंगण पुरे होते.

चकवा लागला तर जागीच बसावे, तांबडे फुटेपर्यंत हलू नये, असा सल्ला खेड्यापाड्यांत ऐकू येतो. भूत खोटे, सल्ला मात्र पक्का. रानात तग धरण्याची विद्या जगभर जिथे जिथे शिकवली जाते तिथे पहिला धडा हाच असतो: वाट चुकल्याचे कळताच थांबणे. काडीशिवाय विस्तव पेटवणे, फासे लावणे, झाडाच्या साली खाणे हे सारे नंतरचे, आणि बहुतेकांना आयुष्यात कधीच न लागणारे.

धाराशिव जिल्ह्यात तर या विद्येचे रूप आणखी वेगळे आहे. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात वनाचे प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर. घनदाट अरण्य म्हणावे असे फारसे काही नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा, त्यांच्या माथ्यावरची सपाट माळराने, कुसळी गवत, बोरी-बाभळी, उघडा काळा खडक आणि मधूनमधून दऱ्यांत दडलेली पानझडी झाडी असा हा मुलूख. येडशीच्या रामलिंग घाटातील अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले, तेही सुमारे २२ चौरस किलोमीटरचे. कोणत्याही ठिकाणाहून पाच-सात किलोमीटरच्या आत वाडी, तांडा, शेतातली वस्ती किंवा डांबरी सडक लागतेच. अशा मुलखात माणूस हरवून महिनाभर भटकत नाही. तो दगावतो तो एका दुपारच्या उन्हाने, एका दंशाने, एका विजेने किंवा ओढ्याच्या एका लोंढ्याने. त्यामुळे इथल्या नवशिक्याने शिकायचा क्रम परदेशी पुस्तकांतून किंवा दूरचित्रवाणीवरच्या साहसवीरांकडून उचलून चालत नाही.

त्या पुस्तकांत तीनाचा एक ठोकताळा असतो: हवेविना तीन मिनिटे, उघड्यावरच्या कडाक्यात तीन तास, पाण्याविना तीन दिवस, अन्नाविना तीन आठवडे. क्रम म्हणून तो चांगला आहे. पण पाण्याचे तीन दिवस हे थंड हवेत स्वस्थ पडून असलेल्या माणसाचे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भर दुपारी माळ चढणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. त्याच्या बाबतीत तीन दिवसांचा हिशेब एका दिवसावर येतो.

ऊन आणि सावली

उन्हाळ्यात या भागातले मेंढके काय करतात ते पाहिले की निम्मी विद्या समजते. कळप पहाटे निघतो, ऊन चढले की झाडाखाली बसतो आणि दिवस कलल्यावर पुन्हा हलतो. वाट चुकलेल्यानेही सकाळी अकरा ते दुपारी चार हा वेळ सावलीत काढावा. पाणी शोधायलाही या वेळेत निघू नये. शोधात जेवढे पाणी घामावाटे जाते तेवढे बऱ्याचदा सापडतही नाही.

सावली सगळी सारखी नसते. उघड्या काळ्या खडकालगतची सावली फसवी, कारण तापलेला खडक संध्याकाळपर्यंत आच सोडत राहतो. चिंच, वड, करंज, आंबा यांची गच्च सावली उत्तम, बाभळीची विरळ. झाड नसेल तर काठ्यांवर उपरणे किंवा चादर ताणावी आणि तिच्यावर वीतभर अंतर सोडून दुसरे कापड टाकावे. दोन कापडांमधली हवा उष्णता अडवते. जमिनीवर थेट बसण्यापेक्षा पालापाचोळ्याचा जाड थर करून बसावे. त्याआधी मात्र तो पाला काठीने उलटापालटा करून पाहावा. का ते पुढे येईल.

पटका किंवा फेटा आता लग्नापुरता उरला, ही या बाबतीत मोठीच हानी म्हणायची. आठ-नऊ मीटरचे हे सुती कापड डोक्याला ऊन लागू देत नाही. भिजवले तर मान थंड ठेवते, सोडले तर दोर होते, घडी घातली तर गाळणी, फाडले तर पट्ट्या, मोडलेल्या हाताला झोळी आणि उंच काठीला बांधले तर लांबून दिसणारे निशाण. इतक्या उपयोगाची वस्तू कोणत्याही दुकानातल्या साहस-संचात मिळत नाही. कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीला मात्र काही आधार नाही. तो भाकरीबरोबर खावा.

उन्हाचा त्रास दोन पायऱ्यांनी येतो आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिल्या पायरीवर भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, पिंढऱ्यांत गोळे. सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी यांनी हे आटोक्यात येते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण पाठ असावे. मीठ घातलेले ताकही चालते. दुसरी पायरी म्हणजे उष्माघात: माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो, शुद्ध हरपते, अंग भाजते आणि पुष्कळदा घामही थांबतो. इथे पाणी पाजण्याला दुय्यम स्थान आहे आणि बेशुद्धाला तर ते पाजूच नये. अंगावर पाणी ओतणे, ओले कापड गुंडाळून वारा घालणे आणि त्याच वेळी दवाखान्याची सोय पाहणे हे पहिले काम.

पाणी

वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात पाणी शोधणे हे सगळ्यांचेच जुने काम आहे, नवशिक्याला त्यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे. बालाघाट हा लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर. घट्ट काळ्या खडकाचा एक थर, त्यावर भोकाभोकांचा किंवा भेगाळलेला दुसरा, दोहोंच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारख्या लाल मातीची पट्टी. वरच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि उतारावर जिथे ती सांधरेषा उघडी पडते तिथे पाझरते. म्हणून एप्रिल-मेमध्ये डोंगराच्या कुशीला आडवी हिरवी रेघ दिसली, की त्या रेघेच्या खालच्या अंगाला ओल असण्याची शक्यता मोठी.

झाडेही सांगतात. उंबर, जांभूळ, करंज ही मंडळी ओलीच्या आसऱ्याने वाढतात, लव्हाळा तर ओलीशिवाय दिसतच नाही. झाडे आणि वारुळे पाहून जमिनीतले पाणी ओळखण्याचा विषय सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाच्या स्वतंत्र अध्यायात आला आहे. त्यातले सगळेच आडाखे आज टिकत नाहीत, पण जांभूळ आणि उंबर त्यातही आहेत. पाखरांवरही लक्ष ठेवावे. होले, पारवे आणि माळरानातले भाट तित्तर हे दाणे खाणारे पक्षी, त्यांना पाण्यावाचून भागत नाही. भाट तित्तरांचे थवे सकाळी ठरावीक वेळी पाणवठ्याकडे उडतात. दोन-तीन थवे एकाच दिशेने गेले की ती दिशा ध्यानात धरावी. ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांवरून असा अंदाज बांधू नये.

कोरड्या पडलेल्या नदीत झिरा खणणे ही मराठवाड्यातली घरगुती युक्ती. तेरणा, बोरी, सीना या नद्यांच्या पात्रांत वाळू उरली आहे तिथे ती आजही चालते. जागा निवडावी ती नदीच्या वळणावर, बाहेरच्या काठाच्या पायथ्याशी, कारण तिथे पात्र सर्वांत खोल कोरलेले असते. हातभर खणून वाळू ओलसर लागली तर आणखी खणावे, दोन-तीन हात खणूनही कोरडीच लागली तर जागा सोडावी. पाणी जमू लागले की पहिले गढूळ पाणी उपसून टाकावे आणि झिरा पुन्हा भरू द्यावा. थांबण्याचीच विद्या ही, इथेही.

सापडलेले पाणी पिण्यालायक करणे ही वेगळी गोष्ट. ते आधी फडक्यातून गाळावे. बांगलादेशात रिटा कॉलवेल यांच्या चमूने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रोगी निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचे दिसले. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना चिकटून असतात आणि ते जीव साडीत अडकतात. नवे कापड नको, जुने धुऊन धुऊन मऊ झालेले हवे, कारण त्याचे धागे सुटून विणीतल्या फटी भरतात. निवळीचे बी दगडावर उगाळून किंवा शेवग्याच्या बियांची पूड टाकून गढूळपणा खाली बसवता येतो, तुरटीनेही. पण गाळलेले आणि निवळलेले पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. ते खळखळून एक मिनिट उकळावे. विस्तव नसेल तर निवळलेले पाणी रंगहीन प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून बाटली आडवी करून कडक उन्हात सहा तास ठेवावी. उन्हातील अतिनील किरण जंतू मारतात. आभाळ असेल तर दोन दिवस लागतात. धाराशिवात उन्हाची वानवा नसल्याने ही पद्धत इथे फार सोयीची.

यांपैकी कशानेही रसायने जात नाहीत. उसाच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यातून वाहत येणाऱ्या ओढ्यात खते आणि फवारणीची औषधे उतरतात. अशा ओढ्यापेक्षा माळावरच्या खडकातले डबके उकळून घेतलेले बरे. आणि वस्तीवरचा हातपंप दिसत असताना झिरा खणत बसणारा नवशिका विद्येचा नव्हे, हौसेचा बळी असतो.

दिशा

दूरची खूण धरून चालणे हा चकव्यावरचा उतारा. बालाघाटाच्या माथ्यावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत, उच्चदाबाच्या तारांचे मनोरे आहेत. अशा खुणेपर्यंत जावे, तिथून त्याच रेषेत पुढची खूण निवडावी. येडशीच्या परिसरात हरवलेल्याला सोलापूर–छत्रपती संभाजीनगर राष्ट्रीय महामार्ग आणि कुर्डुवाडी–लातूर लोहमार्ग या दोन लांबलचक रेघा मदतीला आहेत. ठिपक्याएवढे गाव चुकते, लांब रेघ चुकत नाही. निघण्यापूर्वी नकाशात अशा रेघा कोणत्या बाजूला आहेत एवढे पाहून ठेवले तरी पुष्कळ होते. कानही वापरावेत. पहाटेच्या शांततेत देवळातला भोंगा, अजान, कुत्री, रेल्वेची शिट्टी किलोमीटर-दोन किलोमीटरवरून ऐकू येते.

ओढ्याच्या कडेने खाली उतरले की गाव लागते हा नियम इथे बहुतेक वेळा खरा ठरतो, पण कोणत्या गावी पोचणार हे पाणलोटावर अवलंबून असते. बालाघाटाच्या एका अंगाचे पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जाते, दुसऱ्या अंगाचे सीना-बोरीतून भीमेला. माथ्यावर चुकीच्या उताराला लागलेला माणूस हव्या त्या गावाच्या पाठीला उतरतो.

सूर्यावरून दिशा काढायची तर सरळ काठी रोवून तिच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवावा, अर्ध्या तासाने नव्या टोकावर दुसरा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. ‘दुपारी सूर्य दक्षिणेला असतो’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य मात्र इथे वर्षभर खरे नाही. जिल्हा अठरा अक्षांशाच्या आसपास असल्याने मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, तेथून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो किंचित उत्तरेला असतो.

रात्री ध्रुव. तो क्षितिजापासून अठराच अंशांवर, म्हणजे लांबवलेल्या हाताच्या दोन मुठींहून थोडा खाली दिसतो. त्यामुळे डोंगराआड किंवा धुरकट हवेत सहज हरवतो. उन्हाळ्याच्या रात्री सप्तर्षींतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ पाचपट लांबवली की तो सापडतो. सप्तर्षी मावळलेले असतात त्या दिवसांत शर्मिष्ठेचा ‘एम’ त्याची बाजू दाखवतो. हिवाळ्यात त्याहून सोपे म्हणजे मृग. मृगाच्या पोटातला तीन चांदण्यांचा बाण जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. शेतावर राखणीला जाणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

विस्तव आणि रात्रीचा आडोसा

विस्तवासाठी नवशिक्याने दोन काडेपेट्या बाळगाव्यात, एक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस अशी चकमक आजोबा-पणजोबांच्या कमरेला असे. तिच्यासाठी लागणारी गारगोटी याच लाव्हाच्या खडकांतल्या पोकळ्यांत तयार होते आणि माळावर विखुरलेली सापडते. घरी सराव करायला चकमक चांगली. अरणी घुसळून विस्तव काढणे याज्ञिकांना जमते, ओल्या लाकडाशी झटणाऱ्या घाबऱ्या माणसाला नाही. सरपणात बाभूळ टिकाऊ, तुरीच्या तुराट्या पेट घ्यायला उत्तम आणि रानात आपोआप वाळलेल्या रानशेण्या रात्रभर धग धरायला सर्वांत चांगल्या. कण्हेरीची फांदी चुलीतही नको, भाजायला काडी म्हणूनही नको. तिच्या सर्व भागांत विष असते.

जाळाभोवती हातभर जमीन खरवडून काढावी. फेब्रुवारीनंतर कुसळी गवत ठिणगीची वाट पाहत असते आणि पेटलेला माळ वाऱ्यापुढे माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने सरकतो. राखीव वनात विस्तव करणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणे आणि वणवा लावणे या दोन्ही गोष्टींवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. येडशीचे रान सरावाची जागा नव्हे, ते आधी समजून घ्यावे.

बालाघाटाच्या माथ्यावर डिसेंबर-जानेवारीची रात्र चांगलीच गारठवते आणि अंग भिजलेले असेल तर पावसाळ्यातही हुडहुडी भरते. धनगराची घोंगडी यावर शेकडो वर्षे पुरली आहे. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, सुती चादर ओली झाली की उलट अंगातली ऊब खेचून घेते. घोंगडीचे एक टोक दुमडून डोक्यावर खोळ घेतली की पावसात तीच छत्री. ती नसेल तर भटक्यांच्या पालासारखा ताडपत्रीचा तुकडा दोरावर टाकून आडोसा करावा. दोर बांधताना सुरगाठ यावी, कारण काळोखात बोटे गारठलेली असताना निरगाठ सोडवणे ही शिक्षाच असते. जागा ओढ्याच्या पात्रात नको, एकट्या उंच झाडाखाली नको, आग्या मोहोळाच्या कड्याखाली तर नकोच. किल्ले, लेणी आणि उंच कडे यांच्या कपारींत ही मोहोळे असतात. धूर, अत्तर, दगड यांनी ती उठतात. उठलीच तर तोंड कापडाने झाकून पळत सुटावे, जागी हात झाडत राहू नये.

दंश

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक जण ग्रामीण भागात राहणारे. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे या चौघांशीच प्रामुख्याने गाठ असते. घोणस फूत्कारून इशारा देते, फुरसे दगडधोंड्यांच्या माळावर असते. सर्वांत घातकी मण्यार. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश इतका बारीक की पुष्कळांना जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, घशात गिळवत नाही. म्हणून जमिनीवर झोपणे टाळावे, शेतातला माळा किंवा बाज सापडली तर सोडू नये. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, दगड उचलताना तो आपल्या बाजूने उघडू नये, पालापाचोळा काठीने चाळावा, बूट झटकून घालावेत.

दंश झाल्यावर न करण्याच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: आवळून दोर बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, साप पकडून बरोबर न्यायचा आग्रह धरू नये. दंशाचा हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या-कडी काढावी, माणसाला चालू देऊ नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिविषाला पर्याय नाही.

विंचवाबद्दल मराठवाड्याने एका माणसाचे नाव लक्षात ठेवायला हवे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू पाहिले, विषाचा हृदयावर होणारा परिणाम नोंदवला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निबंध आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. नुसत्या वेदना असतील तर घाबरायचे कारण नसते. दंशानंतर दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार ही लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलात, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

वाघ-बिबट्याची भीती मोठी आणि धोका लहान. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे कळले, म्हणजे शेकडो किलोमीटर शेते आणि रस्ते ओलांडून तो आला होता. त्याच्या त्या प्रवासातही माणसाला टाळण्याचेच कौशल्य दिसते. रानडुक्कर मात्र टाळेलच असे नाही, पिलांसह असेल तर मुळीच नाही. पिसाळलेला कोल्हा, लांडगा किंवा कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

आभाळ

एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात, मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे मरतात. मरणारे बहुतेक जण झाडाखाली आसऱ्याला गेलेले किंवा उघड्या शिवारात उभे असलेले. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला तर धोक्याच्या टापूत आहोत असे समजावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आसरा सोडू नये. पक्के घर किंवा बंद मोटार उत्तम. काहीच नसेल तर सखल जागी, पाय जुळवून, चवड्यांवर उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजांची आगाऊ सूचना देते.

ओढा ओलांडण्याचा मोह आवरावा. वर घाटात पडलेला पाऊस खाली कोरड्या पात्रात लोंढा होऊन येतो. खाली आभाळ निरभ्र असले तरी. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराने लोकांना घरांच्या छपरांवर बसावे लागले. ज्यांची हयात त्या नद्यांच्या काठी गेली, त्यांचाही अंदाज चुकला. गुडघाभर वेगवान पाणी मोठ्या माणसाला पाडते. पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहणे हाच मार्ग.

पोट

अन्नाची काळजी शेवटी, कारण एक-दोन दिवस उपाशी राहून धडधाकट माणसाला काही होत नाही आणि पचनाला पाणी लागते. तरीही ओळखीची रानफळे खुशाल खावीत: बोरे, सीताफळ, कवठ, चिंच, जांभूळ, टेंभरे, काटे झाडून निवडुंगाची लाल बोंडे. पावसाळ्यात तरोटा, केना, पाथरी, घोळ या भाज्या. नियम एकच, ज्याचे नाव ठाऊक नाही ते तोंडात घालू नये. शेळीने खाल्ले म्हणजे माणसाला चालते, हा समज तर सोडूनच द्यावा. याच जिल्ह्याचे जुने नाव मिरवणारी उस्मानाबादी शेळी दुष्काळी झुडपांवर पोसते ती तिच्या पोटातील जिवाणूंच्या जोरावर. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात. गुंज, धोतरा, बिट्टी, कळलावी ही बाकीची विषारी नावे.

हाळी

मदत मागण्याची लाज वाटू नये. शिट्टी, धूर, आरशाची तिरीप, काहीही तीनदा, थोडे थांबून पुन्हा तीनदा, ही जगभरची खूण. शिट्टी नसेल तर कुकारा द्यावा, तो शब्दांपेक्षा लांब जातो. मोबाइलवर ११२ हा क्रमांक स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून लागू शकतो. बोलणे तुटत असेल तर संदेश पाठवावा. घरून निघताना कुठे चाललो आणि कधी परतणार हे कोणाला तरी सांगून निघणे हे या सगळ्यांहून सोपे, आणि नेमके तेच राहून जाते.

सरावाला डोंगर लागत नाही. ओळखीच्या शेतातला माळा, बरोबर एक जाणता गडी, घोंगडी, दोन काडेपेट्या, शिट्टी आणि पाच लिटर पाणी एवढ्यावर पहिली रात्र काढता येते. त्यासाठी दिवाळीनंतरचे ते होळीपर्यंतचे दिवस बरे. मे महिना नवशिक्यासाठी नाही.